‘पाया’च्या चाळीस ओळी

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी कोल्हापूरकर! नेसरीहून सकाळची पहिली एसटी धरली. आईने शेंगदाण्याची चटणी एवढी दिलीय की ऑफिसातल्या सगळ्यांना महिनाभर पुरेल. धाकटा भाऊ धम्मपाल बॅग स्टँडवर आणून देताना चिडवत होता, की आता संघप्रियाताईला फोन करायचा तर आधी वेळ घ्यावी लागणार.

ऑफिस उद्यमनगरात, एका फाउंड्रीला लागून. खिडकीतून तापल्या लोखंडाचा वास येतो, शेजारचे लेथ दिवसभर कुरकुरत असतात, आणि वरच्या मजल्यावर आम्ही आठ जण संगणकांपुढे. आम्ही दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहितो. लिफ्ट, ऑक्सिजनचा पुरवठा, पाण्याचे पंप असलं सगळं त्यांच्यावर चालतं. मालक विजयसिंह सरांचा आवाज मोठा, पण मनाने बरे वाटले. मी दारात घुटमळले तर तिथूनच ओरडले, “या की पावणं! लाजताय काय, घरचंच हाय समजायचं.”

राजारामपुरीतली खोली लहान आहे, पण ऊन छान येतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काम मला फार आवडलंय. आमचा कुठलाच प्रोग्रॅम एकटा उभा नसतो. तो दहा छोट्या प्रोग्रॅमवर टेकलेला असतो, ते दहा आणखी कशाकशावर. वर कुणी काहीतरी नवं चढवतं, तेव्हा खाली किती ओझं झालंय ते कुणीच बघत नाही. मी तेच मोजायचं आहे. प्रत्येक तुकड्यावर एकूण किती प्रोग्रॅम उभे आहेत, तो त्याचा भार. धम्माला फोनवर सांगितलं तर म्हणाला, म्हणजे वरच्या मजल्यावरचा प्रत्येक माणूस खालच्या भिंतीवर मोजायचा. डिप्लोमाला त्याचाही संगणकच आहे, लगेच कळलं त्याला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजणी झाली. कुठूनही खाली उतरा, शेवटी एकाच तुकड्यावर येता. त्याचं नाव ‘पाया’. जेमतेम चाळीस ओळी. त्यावर चारशे बारा प्रोग्रॅम उभे आहेत, आणि तो सांभाळणारा म्हणून एकाच माणसाचं नाव आहे, गणपती. चौदा वर्षांपूर्वीचं.

ते अजून इथेच आहेत म्हणे, तळमजल्यावर. या पाच दिवसांत मला कुणी सांगितलंही नव्हतं. भेटून आले. साठीचे असतील, अंगाने अगदी किडकिडीत. खुर्ची मात्र जाड लोखंडी गर्डरची, आणि खालची शहाबादी फरशी फोडून तिचे चारही पाय वीतभर जमिनीत गेलेले. मूळचे कुरुंदवाडचे. मी आकडा सांगितला तेव्हा ते गुडघे चोळू लागले. मग म्हणाले, “चारशे बारा. व्हय, तेवढं असंल.”

मी तासभर होते. ते एकदाही उठले नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज गणपतीअण्णांनी बोलावून घेतलं. ‘पाया’त तारखेची एक बारीक चूक राहिलीय, त्यांची बोटं आता चालत नाहीत, तर मी ती दुरुस्त करावी आणि खाली सांभाळणारी म्हणून माझं नाव घालावं. एवढा जुना माणूस आपल्यावर विश्वास टाकतोय म्हणून मी हरखून गेले. त्यांचं नाव मीच टाईप करून बदलायचं, असा त्यांचा हट्ट होता. “तुझ्या हातानं, तुझ्या राजीखुशीनं टाक. दुसऱ्यानं टाकून चालत न्हाय.”

टाकलं. बटण दाबलं आणि कुणीतरी मागून दोन्ही खांद्यांवर हात ठेवल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं.

समोर अण्णा उभे राहिले होते. आपल्या पावलांकडे बघत एक पाऊल उचलत होते, ठेवत होते, पुन्हा उचलत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मग अनवाणीच निघाले. दारात म्हणाले, कुरुंदवाडला जातो, घर बघितलेलं न्हाय चौदा वर्सं. आणि माझ्याकडे न बघता, “माफ कर, पोरी.”

मी वर जायला निघाले. तिसरी पायरी माझ्या पायाखाली तडकली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल खोलीवर जाताच आलं नाही. रिक्षात बसले तर मागचं टायर फुटलं. दुसऱ्या रिक्षाची स्प्रिंग मोडली. रिक्षावाला माझ्याकडे वरून खाली बघत राहिला. आरशात मी कालच्यासारखीच आहे, तेच कपडे अंगाला बसतात. पण डांबरावर माझ्या चपला रुततात.

शेजारच्या फाउंड्रीत ओतीव माल तोलायचा मोठा काटा आहे. कामगार जेवायला गेल्यावर त्यावर उभी राहिले.

४६४.

मी बावन्न किलोची आहे. चौसष्टातून बावन्न वजा केले, मग पुन्हा सगळा आकडा मांडून वजा केले. चारशे बारा उरतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अण्णांच्या खुर्चीत बसले आहे. दुसरी कुठलीच टिकत नाही. हाडं मोडत नाहीत, दुखतही फारसं नाही. नुसता भार.

अकरा वाजता ‘पाया’तून माझं नाव काढून टाकलं. एकदम हलकं वाटलं. उठले, दारापर्यंत गेले, उन्हात उभी राहिले. वर फोन वाजू लागले. एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत बाळंतपणाला आलेली बाई. दुसरीकडे ऑक्सिजन थांबला होता. ओरडणं खालपर्यंत ऐकू येत होतं.

मी परत आले. नाव घातलं. सगळं मिळून नऊ मिनिटं. बाई वाचली, बाळही. ऑक्सिजनवरच्या आजोबांचं अजून कुणी काही सांगत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजोबा गेले.

विजयसिंह सर खाली आले. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. समोर बसले नाहीत, दारातूनच बोलले. कुणाला तरी बसावंच लागतं म्हणाले. जेवण वेळेवर येईल. आणखी तीन दवाखान्यांशी बोलणी झालीत. मी म्हणाले, चढवू नका. ते म्हणाले, चढवलंसुद्धा. मग आवाज खाली आणून, “सोमवारी एक पोरगी येतीय, वल्लरी म्हणून. नृसिंहवाडीची हाय. गोड बोल तिच्याशी. तुला कळतंय की मी काय म्हणतोय ते.”

कळतं.

आईचा फोन आला होता. मी काम आहे म्हणून ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वल्लरी आली. पेढे घेऊन आली. पहिली नोकरी. विचारत होती, ताई, मला शिकवाल ना.

तिला म्हटलं, आत्ता घरी जा, इथे परत येऊ नको. घाबरली बिचारी. गेली.

गेली ते बरं झालं. पण तिचं पाऊल दाराबाहेर पडेपर्यंत मी तिला हाक मारायला तोंड उघडून बसले होते. हे लिहिलंच पाहिजे.

१९ नोव्हेंबर

५३८.

फरशी सकाळी खचली. पावलं घोट्यापर्यंत खाली. मान फिरवायला वेळ लागतो. फोन टेबलाच्या त्या टोकाला वाजतो — धम्मा, धम्मा, आई, धम्मा — तेवढा हात पोचत नाही. कुणाला सांगायचं नाही. जो ऐकेल तो आपलं नाव —

नाही सांगायचं.

२०

आवाज गेला. छातीवर इतकं की श्वास आत येतो तेवढाच, बोलायला उरत नाही. हात वहीवर आहे. तेवढा चालतो.

वर आणखी काही चढलं. कळतं आता. आकडा बघावा लागत नाही.

२१ दुपार

धम्मा आलाय. इथे. दारात उभा राहून बघत होता, मग धावला. काखेत हात घालून ओढलं. पुन्हा ओढलं. रडतोय. ताई बोल की, ताई काय झालंय — बोलता येत नाही

पडद्याकडे बघतोय. माझी मोजणी उघडीच आहे. वाचतोय.

त्याला कळतंय. लगेच कळतं त्याला

धम्मा इकडे बघ. वहीत बघ. मी लिहितेय ते

“हे तुझं नाव हाय व्हय ताई? हे काढून माझं घालतो, थांब.”

नको. धम्मा नको. आई एकटी — वही बघ — टेबलावर बोट आपटतेय, त्याला वाटतं मी हो म्हण

ध लिहिला. म

धम्मा वर बघ वर ब

माझा पाय हलका झाला, उचलला जातो