जोडीने टांगलेले बोंबील

अहो,

भात झाकलाय, कालवण गरम करून घ्या. मी भाविनी आणि मोरूला घेऊन पालघरला चाललेय, बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरायला.

काल तुम्ही बालकल्याणच्या साहेबांना परस्पर सांगून आलात, पोरगी ठेवतो, पोरग्याला बालगृहात घ्या. पोरांचे आईबाप गेले, पण आत्या अजून जिवंत आहे! दोघंही माझ्याकडेच राहतील. तुमची सही नसेल तर माझ्या एकटीची घ्या म्हणेन.

दोरीवरचे बोंबील वाळलेत, काढून ठेवा. परवा मोरूने पहिल्यांदाच टांगले. एकेकटे लटकवलेले सगळे वाऱ्याने वाळूत पडले. मग भाविनीताईने त्याला जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगायला शिकवलं. त्यातला एक तरी पडलाय का बघा, आणि मग मला सांगा, कोणाला पाठवायचं ते.

कल्पिता