तू होतीस ना घरात

कसबा पेठ, पुणे
१६ जानेवारी २०२५

चि. स्वराली,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. फोनवर बोलता येत नाही, तुझे बाबा शेजारी येऊन बसतात. म्हणून तुझ्या केयूररावांच्या हाती लाडवांचा डबा देतेय, त्यातच ही चिठ्ठी घातली आहे.

बाबा दुकानात गिऱ्हाइकाला कधी दुखवायचे नाहीत, तुला माहीतच आहे. वर्षभरापूर्वी ते तोडून बोलायला लागले. एका बाईंना म्हणाले, "वही घ्यायची तर घ्या. हवा खायला बाग आहे." लोक हसले. मीही हसले. उतारवयात अस्सल पुणेकर झाले म्हणून पेठेत कौतुक झालं. दुसऱ्या कुठल्या गावात असते तर कुणीतरी वेळेवर डॉक्टर गाठला असता.

परवा मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कॅनमध्ये कपाळामागचा भाग आक्रसलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, "माणसाचा संयम, दुसऱ्याबद्दलची कळकळ, यात या भागाचा मोठा वाटा असतो. अजून तपासण्या करू, पण स्वभाव बदलला तो यामुळे असू शकतो." पूर्वीसारखे होतील का, विचारलं. तसं सांगता येत नाही म्हणाले.

मुळात का नेलं, ते लिहायला हात धजत नाहीये.

रविवारी तू छोट्या शेफालीला आमच्याकडे ठेवून खरेदीला गेलीस ना? मी दार उघडायला गेले, परत येते तर तिच्या घशात शेंगदाणा अडकलेला. ओठ निळे. बाबा समोर बसून, तिच्याकडे बघत, चिवडा खात होते. मी तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा तो निघाला.

"अहो, तुम्हाला दिसलं नाही का?"

"दिसलं की. तू होतीस ना घरात."

हेच दुकानात बोलले असते तर चारजण हसले असते.

सोमवारपासून तुझं ऑफिस. शेफालीला इकडे ठेवू नकोस, तुमच्या खराडीतच पाळणाघर बघ. बाबांवर रागावू नकोस. तुला खांद्यावर बसवून गणपती दाखवायला नेणारा माणूस खोटा नव्हता. पण मला त्यांची भीती वाटते गं.

मी इथेच राहणार, त्यांना दुसरं कोण आहे? फक्त हल्ली माझं ताट घेऊन शेजारच्या तनुजाकडे जेवायला बसते. घास अडकला तर कुणीतरी उठावं म्हणून.

घरातच असलेली,
तुझी आई