ढगाखालचं पाणी

इंदोरा, नागपूर
१४ मे, बुधवार

प्रिय दीप्ती,

आईचा सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. फोनवर तू आधी रडतेस, मग ठेवून देतेस, माझं बोलणं राहूनच जातं. म्हणून कागदावर लिहिते. फोटो काढून पाठवीन. पोस्टानं मालवणला पोचेपर्यंत तू बॅग घेऊन निघालेली असशील.

इथलं ऊन तुला माहीत आहे. बाबांच्या कामातले जोडीदार लहानूभाऊ परवा येऊन कूलरच्या जाळ्यांत नवी वुडवूल, ते लाकडाचं गवत, भरून गेले. ते आणखीही काही बोलले, ते पुढे लिहिते. रविवारी बाबांना जाऊन वर्ष होईल. भंतेजींना सांगून ठेवलं आहे. वंदना, पुण्यानुमोदन, मग भोजनदान.

तू दिलेला समुद्राच्या तापमानाचा नकाशा मी रोज सकाळी फोनवर उघडते. शेजारची प्रयागबाई चिडवते, "काय वं, आज समुद्राले ताप किती?" मागच्या आठवड्यात मालवणजवळ गडद लाल होतं. काल पाहिलं तर लाल नाही. मी खुशीत तिला ओरडून सांगितलं, "उतरला वं ताप!" मग खालची बारीक अक्षरं वाचली : ढगांमुळे माहिती नाही. ताप उतरला नव्हता, उपग्रहालाच खालचं दिसत नव्हतं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

ढगातून पाहणारे उपग्रहही असतात, पण किनाऱ्याजवळचं त्यांना नीट कळत नाही, हे तूच सांगितलंस. म्हणजे आता कोणीतरी पाण्यात उतरून प्रवाळ पाहायला हवं. आणि ते ज्या मुलीचं काम, ती शुक्रवारी गाडीत बसते म्हणते. कायमची.

फोनवर तू म्हणालीस, "कोणी ऐकत नाही, आई. बाबांनीही ऐकलं नाही."

होडीवाल्यांचं मला समजतं. मे महिना त्यांच्या कमाईचा. पर्यटकांचे पाय तापलेल्या प्रवाळावर पडू नयेत म्हणून होड्या बंद ठेवा, असं नागपूरची पोरगी सांगते. चिडणारच. पण ते शेवटी म्हणाले ना, "खाली जाऊन फोटो आण, मग बोलू"? याला न ऐकणं म्हणत नाहीत.

आता लहानूभाऊ बाबांबद्दल बोलले ते. वुडवूल भरता भरता ते एकदम खाली बसले. म्हणाले, "वहिनी, धम्मानंदनं मले त्या दिवशी शिडीवर पायच ठेवू देला नाही. म्हणे, पोरीचा फोन आलता, आजचं ऊन मारून टाकते. तुले बीपी आहे, तू जाय घरी."

मी विचारलं, "मग तुम्ही त्यायले काहून नाही थांबवलं?"

"थांबवलं वं माय! म्हणे, आतमधी म्हातारी बाई तडफडून राहिली, कूलरचा पंप बदलतो अन् येतो. माझं काय, मी उन्हातच वाढलो."

धरमपेठेतल्या त्या गच्चीवरून बाबांना लोकांनी उचलून आणलं, ते तू जाणतेस.

लहानूभाऊ गेल्यावर मी भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. राग आला होता मला. लहानूभाऊंचा, त्या म्हातारीचा, तुझ्या बाबांचा तर फारच. तुला हे सांगू नये असंही वाटलं. पण ऐक. बाबांनी तुझं ऐकलं होतं, दीप्ती. दुसऱ्यासाठी ऐकलं, स्वतःसाठी नाही. तुझा फोन आला नसता तर रविवारी दोन घरांत वर्ष करावं लागलं असतं.

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात मी एक पान दोनदा वाचलं. प्रवाळ पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही. त्याच्या आत राहून त्याला पोसणारं रंगीत शेवाळ निघून गेलेलं असतं. प्रवाळ उपाशी असतं, पण जिवंत. पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो. माणसाचं तसं होत नाही. जिथं होतं, तिथं तू थांब.

रविवारी येऊ नकोस. तुझी सिंधूआत्या विचारेलच, "पोरगी बापाच्या पुण्यानुमोदनाले नाही आली?" तिला काय सांगायचं ते मी पाहीन.

आणि मला भीती वाटते, हेही लिहून टाकते. या घरातलं एक माणूस वर चढलं, आता दुसरं खाली उतरणार. ढगाखाली काय चाललं आहे ते इथून मला दिसत नाही. जोडीदाराशिवाय पाण्यात जाऊ नकोस. दम लागला की वर ये, फोटो राहिला तर राहू दे. दुसऱ्यासाठी ऐकायचं अन् स्वतःसाठी नाही, हे एक बाबांचं घेऊ नकोस.

वर आलीस की आधी मला मिस्ड कॉल दे. होडीवाल्यांना मग.

न बोलावणारी, वाट मात्र पाहणारी,
तुझी आई