यानिनाच्या फ्लेन्सबुर्गमधील दोन वर्षांबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
नागरिकत्व अर्ज कक्ष,
कोपनहेगन.

अर्जदार : आलेस मात्स्केविच, देखभाल कर्मचारी, क्रीडागृह, ऑबेनरो.

विषय : कन्या यानिना (वय १७) हिचे सीमेपलीकडील दोन वर्षांचे वास्तव्य डेन्मार्कमधील धरून तिला राष्ट्रीय युवा संघातून खेळू देणेबाबत.

संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. २३ सप्टेंबर २०२४.

महोदया,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार मूळचा बेलारूसचा असून त्या देशाच्या हँडबॉल संघाचा गोलरक्षक होता. ऑबेनरोच्या क्लबने करार करून बोलावले म्हणून तो पत्नी हालिना हिच्यासह इकडे आला. पुढे गुडघा निकामी झाल्यावर त्याच क्लबच्या हॉलमध्ये लादी पुसणे, गोलाची जाळी शिवणे या कामी लागला. यानिनाचा जन्म येथलाच, सोनरबोर्गचा. येथे जन्मल्याने कोणी येथला होत नाही, हे अर्जदारास ठाऊक आहे व त्याबद्दल त्याची तक्रार नाही.

२. यानिना दहा वर्षांची असताना अर्जदार फ्लेन्सबुर्गमधील एका जर्मन क्लबकडून दोन हंगाम खेळला. खेळाडूने गावातच राहावे अशी क्लबची अट असल्याने बिऱ्हाड सीमेपलीकडे न्यावे लागले. तेथेही यानिना सीमेपलीकडील डॅनिश लोकांसाठी असलेल्या डॅनिश शाळेतच गेली, आणि सरावाला संध्याकाळी बसने ऑबेनरोच्या हॉलमध्येच येत राहिली. या काळात तिने "देश सोडला होता" असे आपल्या पत्रात म्हटले आहे. ती खेळायला रोज इकडे होती, झोपायला तिकडे जात असे. माणूस जेथे झोपतो तेथलाच धरावा, असा नियम असल्यास त्याची प्रत मिळावी. अर्जदाराच्या स्वतःच्या वास्तव्याची मोजणीही परत आल्यापासून नव्याने सुरू झाल्यामुळे, त्याच्या अर्जात मुलीचे नाव जोडण्याची वाटही बंद आहे.

३. गेल्या वसंतात यानिनाची गोलरक्षिका म्हणून राष्ट्रीय युवा संघाच्या शिबिरासाठी निवड झाली. ती तेथे सर्वांच्या पसंतीस उतरली. स्वीडनमधील स्पर्धेला निघण्याआधी व्यवस्थापिका मेरेते यांनी मुलींचे पासपोर्ट गोळा केले. सगळे डॅनिश, तांबडे होते; यानिनाचा बेलारूसचा, निळा. तो हातात धरून त्या म्हणाल्या, "अगं, मी तर तुला इथलीच समजत होते." यानिना म्हणाली, "मीही." संघ बसमध्ये बसला. ती आगगाडीने घरी आली, जेवली व खोलीत गेली. आईने विचारले तेव्हा "नाही नेलं" एवढेच सांगितले.

४. त्यानंतर मिन्स्कहून अर्जदाराचा जुना सहखेळाडू, हल्ली तेथील हँडबॉल संघटनेचा पदाधिकारी, याचा फोन आला. "पोरीला इकडे पाठव. आज आपल्या संघांना बाहेरच्या स्पर्धांची बंदी आहे, उद्या उठेल. फक्त तू त्या वेळी केलेली सही चुकून झाली, असं लिहून दे." सही २०२० सालच्या निवडणुकीनंतर खेळाडूंनी तेथील सरकारविरुद्ध काढलेल्या जाहीर पत्रावर होती. अर्जदार लिहून देण्यास तयार झाला होता, हे येथे लपवण्याचे कारण नाही. पत्नी म्हणाली, "ज्यांचे नवरे त्याच पत्रापायी आत बसलेत, त्या बायकांना मी काय तोंड दाखवू?" यानिनाने एवढेच विचारले, "तिकडे मला मागून कुणी हाक मारली तर माझ्या लक्षात येईल का? मला तर तुमची स्वयंपाकघरातलीच भाषा येते." म्हणून लिहून दिले नाही.

५. गेल्या शनिवारी डेन्मार्क व जर्मनीच्या मुलींचा मैत्रीपूर्ण सामना ऑबेनरोच्याच हॉलमध्ये झाला. आदल्या दिवशी गोलरक्षिकेचे बोट दुखावल्याने प्रशिक्षकांनी यानिनाला सरावापुरते गोलात उभे राहशील का, असे विचारले. ती उभी राहिली. सिग्ने नावाच्या मुलीचे चेंडू तिने एकामागून एक अडवले आणि मग तिला बाजूला घेऊन सांगितले, "मारायच्या आधी तू त्या कोपऱ्याकडे बघतेस. उद्या बघू नकोस." सिग्नेने ऐकले, व दुसऱ्या दिवशी संघ तिच्या गोलांवर जिंकला.

सामन्याला यानिना प्रेक्षकांत नव्हती. अर्जदारास ती सामानाच्या खोलीत चेंडूंतील हवा तपासताना आढळली. भिंतीपलीकडे राष्ट्रगीत चालू होते. "उभं राहायचं की बसायचं ते कळेना, म्हणून इथे आले," असे ती म्हणाली. ती रडत नव्हती. अर्जदारासही काही वाटले नाही. हे नमूद करण्याचे कारण एवढेच की, पूर्वी वाटत असे.

६. सबब विनंती की,

(अ) सदर दोन वर्षे डेन्मार्कमधील धरावीत.

(आ) तसे शक्य नसल्यास ती अर्जदाराच्या खात्यातून वजा करावीत. करार त्याने केला होता, मुलीने नव्हे. त्यापायी त्यास नागरिकत्व कधीच न मिळाल्यास हरकत नाही.

(इ) तेही शक्य नसल्यास, अठराव्या वर्षानंतर तिने स्वतंत्र अर्ज केल्यास निकाल किती वर्षांनी लागेल, ते कळवावे. गोलरक्षकाचे गुडघे किती वर्षे टिकतात, याचा अंदाज अर्जदारास आहे.

७. शेवटी एक बाब. यानिना पंधरा वर्षांवरील असल्याने आपले टपाल थेट तिच्या फोनवर जाते. मागील नकार तिला शाळेतून येताना बसमध्ये मिळाला. ती आपल्या थांब्यावर उतरलीच नाही. चालकाने गाडी आगारात नेल्यावर तिला पाहिले व घरी फोन केला. तरी होकार असल्यास तो खुशाल तिच्या फोनवर पाठवावा. नकार असल्यास मात्र तो कागदावर, अर्जदाराच्या नावे, हॉलच्या मागील दाराच्या पत्त्यावर पाठवावा. त्या दाराची किल्ली फक्त अर्जदाराकडे असते.

आपला नम्र,
आलेस मात्स्केविच
ऑबेनरो, दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत : शाळेचा दाखला, क्लबच्या सराव-हजेरीची प्रत, हॉलच्या मागील दाराचा पत्ता.