गाळणीचं वाण

रविवार, संध्याकाळ

पेरुंगुडीला वंदनावहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. वाण काय, तर चहाची गाळणी. या तमिळ, कॉफीच्या गावात!

दारातच चौकशी सुरू. फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा? मिस्टर कुठे असतात? उत्तर तोंडातून निघेपर्यंत नजर पुढच्या बाईच्या साडीवर गेलेली.

"तू अजून शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातच ना?" वहिनींनी विचारलं.

महिन्यापूर्वी कंपनीने मला काढलं, हे मी घरीही बोललेले नाही. रोज डबा घेऊन निघते. आज मात्र वाटलं, बघू तरी कोण ऐकतंय.

"नोकरी गेली, वहिनी."

"वा, छान. आणि लेक कितवीला?"

मला चक्क आनंद झाला. या बायकांबद्दलचं माझं मत खरं ठरलं, म्हणून? असेल.

निघताना मागून सरोजाअक्का आल्या. तंजावरकडच्या; त्यांच्या तमिळ सुरातल्या मराठीची नक्कल करून मी घरी सगळ्यांना हसवते. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "काम गेलं म्हणालीस की गे. दिवसभर काय करतेस आता?"

आणि उत्तरासाठी थांबल्या. खरंच थांबल्या.

मी काय केलं? "छे हो अक्का, गंमत केली," म्हणाले, आणि घाईघाईने विचारलं, "तुमची मुलं कुठे असतात हल्ली?" त्या सांगत होत्या तेव्हा मी सँडलचा पट्टा लावत होते.

काय बरं म्हणाल्या? तासभर आठवतेय, एक शब्द आठवत नाही.

गाळणी मात्र आठवणीने आणली.