उलट्या बटणांबद्दल

निबिओदादा,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. मसुराचं कालवण शेगडीवर आहे, गरम करून घे.

माऊसच्या जागी तू लावलेला ट्रॅकबॉल झकास चालतोय! छोटं बटण दाबून गोळा फिरवला की पान सरसर खाली जातं. काल कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला की तू बदललेली बटणं मूळपदावर यायची, तेव्हा त्यातल्या लिनक्स प्रणालीला तू घातलेल्या शिव्या खालच्या मजल्यावरच्या ओफेलियाबाईंनीही ऐकल्या असतील. आज लावला, तर सगळं जागच्या जागी.

पण मी तुला एवढंच म्हणाले होते, की माऊसने मनगट दुखतं. बटणं डाव्या हातासाठी उलटी कर, असं कधी म्हणाले? तूही विचारलं नाहीस.

मग रविवार आठवला. आपल्या घरात येर्बाच्या चहाचा पेला मीच भरते, थर्मॉसला कुणाला हात लावू देत नाही. त्या दिवशी समुद्रावर मी थर्मॉस तुझ्या हातात दिला आणि तू माझ्याकडे बघत पेला भरलास. एरवी मला केवढं चिडवलं असतंस!

उजव्या हातात काही धरवत नाही, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तू ओळखलंस, चौकशा केल्या नाहीस आणि माझं काम अडू दिलं नाहीस. फार बरं वाटलं रे.

आज हाताची तपासणी आहे, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. एकटीच जाणार होते. थर्मॉस टेबलावर ठेवलाय. तो भरून दवाखान्यात घेऊन ये, आजही तूच ओत.

एलिदा