तांब्याची गोळी, जिव्याचा तीर

आशागड
२४ फेब्रुवारी २०१९

प्रिय बा,

मी काल गाडीत बसलेच नाही. घाबरू नकोस, विमान उद्या पहाटेचं आहे आणि आज दुपारी डहाणूहून निघाले तरी वेळेवर पोचते. तुषारला ओरडू नकोस, तो मला गाडीवर सोडायला आला होता आणि मोठ्या बहिणीचं ऐकून गप्प राहिला. हे पत्र तोच तुझ्या हातात देईल. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे तुला एकट्याला वाचता येईल. आपली धाकटी सुनिता कितीही म्हणाली तरी तिला वाचायला देऊ नकोस. चौथीपर्यंत शिकलास ते आज कामाला येऊ दे.

बा, गेले चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नाही आणि त्याला कारण तू आहेस. दोन वर्षं मी नामिबियातून फोनवर सांगत होते की माझं काम काय, आणि तू नुसता 'हं' म्हणायचास. तिकडे मोठमोठ्या रानवाड्यांत हरणं पाळल्यासारखी राखतात, सरकारी परवान्याने मारतात, मटण बाजारात जातं आणि ते खाण्याजोगं आहे की नाही हे बघायला माझ्यासारखी जनावरांची डॉक्टर लागते. हे ऐकून तू एकदा एवढंच विचारलं होतंस, की पगार वेळेवर होतो ना. शिकारीचा शब्द निघाला की तू उठून जायचास. एकोणीस वर्षं तू हेच केलंस. म्हणून बुधवारी मी मोबाईलवर तो फोटो दाखवला तेव्हा मला वाटलं, आताही उठशील. तू उठला नाहीस. मोबाईल हातात घेतलास, उलटा केलास, सुलटा केलास, आणि आय चहा घेऊन आली तिला हाताने थांब म्हणालास.

फोटोत दोन गोळ्या होत्या, दोन्ही मेलेल्या जनावरांतून काढलेल्या. एक शिशाची, तिचा नुसता चुरा. शिसं मऊ, हाडाला लागलं की फुटतं आणि बारीक कण मटणात वीत वीत दूर पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण एक्स-रे काढला की पिठात किडे दिसावेत तसे दिसतात. ते मटण शाळेतली पोरं खातात, टाकलेली आतडी गिधाडं खातात, आणि शिसं दोघांनाही विषच. दुसरी गोळी तांब्याची. ती फुटत नाही. तिच्या नाकात भोक असतं, आत शिरली की नाक चार पाकळ्यांसारखं उघडतं आणि ती अख्खीच्या अख्खी बहुतेकदा आरपार जाते. वजन करून बघितलं तर गुंजभरही कमी होत नाही. तू त्या पाकळ्यांवर बोट ठेवून विचारलंस, फुटली नाही का? मी म्हटलं, नाही. मग तू जे बोललास ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "मंग ही गोळी नाय, हा तं तीरच झाला."

बा, तिथे चार वर्षं झाली, शिकलेली माणसं संगणकावर डोकं फोडताहेत आणि तू ओट्यावर बसून चहा थंड होईपर्यंत सांगून मोकळा झालास! शिशाची गोळी जनावराला आतून फोडते, म्हणून ते जागीच कोसळतं. तांब्याची गोळी तसं करत नाही, ती तीरासारखी कापत जाते. जनावर मरतं, पण धावून मरतं. मी तुला एकेक जनावर सांगत गेले आणि तू प्रत्येकाला आपल्या रानातला जोडीदार शोधून दिलास. स्प्रिंगबॉक म्हणजे आपल्या बकरीएवढं हरीण. लांबून मारलं तर तोवर गोळीचा वेग कमी होतो, नाक उघडतच नाही, फासळ्यांमधून बारीक भोक पाडून निघून जाते आणि हरीण काही झालंच नाही असं पळतं. तू म्हणालास, भेकराचं असंच, त्याला लांबून मारायचंच नाही. कुडू बैलाएवढा, त्याच्या खांद्यात तांबं छान उघडतं. इलँड म्हणजे म्हशीलाही लाजवील असं धूड, त्याच्या खांद्याच्या हाडावर शिसं फुटून जागीच राहायचं, तांबं मात्र हाड तोडून पलीकडे जातं. आणि वॉर्टहॉग, तो रानडुकराचा चुलतभाऊ. त्याचा फोटो बघून तू आयला म्हणालास की हा तुझ्या माहेरचा दिसतो. आय दिवसभर फुगली होती, पण बा, मी तुला असं हसताना शेवटचं कधी बघितलं ते मला आठवेना.

तिकडचे शिकारी आता तांब्याला शिव्या देतात. म्हणतात, जनावर पडत नाही, पळतं आणि हरवतं. मागच्या हंगामात आमच्या एका वाडीवर अकरा कुडू जखमी होऊन गेले आणि सापडले तेव्हा तरसांनी खाल्लेले होते. सगळे गोळीत खोट शोधत होते. तू खोट माणसाच्या पायांत काढलीस. गोळी लागली की ते सगळे लगेच धावत सुटतात. आडवं झालेलं जनावर पावलं ऐकून उठतं आणि असेल नसेल ती ताकद लावून मैलभर जातं. "आधी आपून बसायचा," तू म्हणालास, "मंग ता बसतं." मग कोळसा घेऊन सारवलेल्या ओट्यावर तू डुक्कर काढलंस, तीर कुठे लागला तर किती वेळ बसायचं ते दाखवलंस. छातीत लागला तर एक पान खाऊन होईपर्यंत. काळजाच्या खाली लागला तर भाकरी खाऊन. पोटात लागला तर घरी जा, दुपार टळल्यावर ये. मी भराभर लिहून घेतलं. मी त्याच दिवशी तिथल्या माझ्या वरच्या मॅडमना फोन केला. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं, मग म्हणाल्या की माग काढणाऱ्यांसाठी आपण जे पुस्तक छापतोय त्यात हे अख्खं प्रकरण घालू, ज्यांनी शिकवलं त्यांच्या नावासकट. दहा मार्चला ते छापायला जाणार आहे.

तुझं नाव घालू का विचारलं तेव्हा तू सदरा नीट केलास, जसा काही लगेच फोटो निघणार होता. इथवर सगळं सरळ होतं. पण प्रकरण अर्धं आहे, बा. किती वेळ बसायचं हे ठरवायला तीर कुठे लागला ते आधी कळायला हवं, आणि ते रक्तावरून कळतं. फेसाळ असेल तर काय, काळपट असेल तर काय, गवताचा चोथा मिसळला असेल तर काय. मी विचारलं आणि तू बोलता बोलता थांबलास. कारण रक्त वाचणारा तू नव्हतास. तू मारणारा, तुझा शिकारीतला जोडीदार लहान्याकाका शोधणारा. मी म्हटलं, मग दोघांची नावं घालूया. तू कोळसा टाकलास, उठलास आणि गोठ्याच्या दारातून म्हणालास, "त्याचा नाव आला तं माझा काढ." त्यानंतर दोन दिवस तू माझ्याशी बैलांबद्दल आणि पाण्याबद्दल बोललास.

मला दोन्ही नावं हवी आहेत. एक घालणं मला जमणार नाही आणि का जमणार नाही ते सांगायलाच मी मागे राहिले. तुझ्या समोर बसून सांगता आलं नाही, इतक्या वेळा तोंड उघडलं आणि चहा मागितला.

मी चौथीत होते त्या वर्षीची भातकापणी तुला आठवते. डुकरांनी आपलं आणि लहान्याकाकाचं शेत एका आठवड्यात लोळवलं आणि तुम्ही दोघांनी नाल्याच्या कडेला तो मोठा डुक्कर पाडला. त्या दिवशी काकानेही तीर सोडला होता, त्यामुळे त्याच्या अंगात दोन तीर होते, एक तुझा, एक त्याचा. पहिला तीर ज्याचा त्याला मानेचा वाटा, ही आपली रीत. काका म्हणाला माझा, तू म्हणालास माझा. भर पाड्यात भांडलात. मान शेवटी कुत्र्यांना गेली आणि तुम्ही बोलायचे थांबलात. मला फार लागलं होतं ते. माझा बा खोटं कशाला बोलेल? आश्रमशाळेत गुरुजींनी 'माझे वडील' हा निबंध घातला तेव्हा मी ठरवलं की हे एकदा कागदावर लिहून टाकायचं, म्हणजे कोणी बदलू शकणार नाही. मी लिहिलं की माझ्या वडिलांनी एकट्याने डुक्कर मारला, पहिला तीरही त्यांचा आणि दुसराही त्यांचाच. नाल्याचं नाव लिहिलं, दिवस लिहिला, सुळे आमच्या घरात टांगले आहेत हेही लिहिलं. लहान्याकाकाला मी निबंधात ठेवलाच नाही. सव्वीस जानेवारीला पहिला नंबर आला, सगळ्यांसमोर वाचून दाखवला, आणि बक्षीस देणारे पाहुणे जंगल खात्याचे होते. त्यांनी कंपासपेटी दिली, पाठ थोपटली आणि तो कागद मागून घेतला. मी आनंदाने दिला.

पुढच्या महिन्यात जंगल खात्याची माणसं आली, धनुष्य नेलं, सुळे नेले, तुला नेलं. सहा वर्षं तू डहाणूच्या कोर्टात तारखांना उभा राहिलास. पाड्याने हिशेब जुळवला. शिकारीला दोघं होते, धरला एकालाच, आणि दुसऱ्याचं तर भांडण झालेलं. लहान्यानेच चुगली केली. त्याला लग्नाला बोलवायचं बंद झालं, बारशाला बंद झालं, रखमीकाकी विहिरीवर आली की बाया घडे उचलून घरी जायच्या. दुसऱ्या पावसाळ्याआधी ती दोघं पाडा सोडून आशागडला एका चिकूच्या वाडीत राखणीला गेली. मला सातवीत गेल्यावर कळलं की हे माझ्यामुळे झालं. मी बोलले नाही. मला मार बसेल म्हणून नाही, तू मला मारलं नसतंसच. तू मला डॉक्टर करणार होतास आणि मला तुझा चेहरा बदललेला बघायचा नव्हता.

आता जे लिहिते ते सावकाश वाच. शुक्रवारी तू बैल पाजायला गेलास तेव्हा मी पेटीत तुझं तीराचं जुनं पातं शोधत होते, मॅडमना फोटो पाठवायला. पेटीच्या तळाशी, कोर्टाच्या कागदांपासून वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला माझा निबंध मिळाला. झेरॉक्स होती, पण अक्षर माझंच. वकिलाने तुला तो पहिल्याच वर्षी दाखवला असणार. म्हणजे तुला माहीत होतं. मला कोणी बोट दाखवू नये म्हणून तू गप्प बसलास. लहान्याने केलं असं तू कधी म्हणाला नाहीस, पण नाही केलं असंही कधी म्हणाला नाहीस. तुला त्याचं नाव नको ते रागाने नको, बा. लाजेने नको. माझ्यासाठी तू स्वतःचा जोडीदार गमावलास आणि मी तो तुला गमावू दिला. माझ्यावर एवढी माया केल्याबद्दल तुझे पाय धरावेत की लहान्याकाकाचं असं केलंस म्हणून भांडावं, मला कळत नाही. दोन्ही करावंसं वाटतं.

म्हणून काल मी तुषारला घेऊन थेट त्या चिकूच्या वाडीत आले. मी पोरपणी काय केलं ते काकाला सांगितलं, आणि तुझ्या पेटीत काय मिळालं तेही सांगितलं. तो झाडाला टेकून बसला. मला वाटलं आता हाकलून देईल. त्याने तुझं नाव घेऊन एवढंच विचारलं, "जिव्याचा हात अजून सरळ राहतं का?" आणि मग, बा, त्याने मला रक्त वाचायला शिकवलं, पानावर हळदकुंकू कालवून, फेस कसा आणि काळपट कसा ते दाखवत! प्रकरण पुरं झालं आहे. नाव घालायला तो हो म्हणाला, पण एका अटीवर, तुझं आधी. हे पत्र घेऊन येणाऱ्या तुषारच्या गाडीवरूनच तो आला आहे. पाड्यात पाय ठेवणार नाही, तुझ्या तोंडून बोलावणं आल्याशिवाय नाही, म्हणून पाड्याबाहेर ओहळाच्या मोरीवर बसला आहे. एकदा मी तुझं नाव न विचारता लिहिलं होतं, या वेळी विचारून लिहिते आहे. मला फोन करू नकोस, उत्तर माझ्यासाठी नाहीच. तुषारला पाठवू नकोस, तू स्वतः जा. आणि पाड्यातल्या भर रस्त्याने, सगळ्यांना दिसेल असा, त्याला घरी घेऊन ये.

तुझीच,
सुषमा